बारा किलोमीटरचा चौकोन

सकाळी साडेआठला मी पांढऱ्या पेटीचं दार उघडते.
आत चार तापमापकं: कोरडा, ओला, कमाल, किमान.
ओल्याच्या पायाला मलमलीची चिंधी.
ती मीच बदलते; देवगडच्या हवेत चार दिवसांत
मीठ धरून ताठ होते, जुन्या कॉलरसारखी.

तेवीस पूर्णांक दोन. एकोणीस पूर्णांक आठ.
आकडे पुण्याला जातात, पुण्याहून आणखी कुठेकुठे,
आणि संध्याकाळी नकाशा होऊन परत येतात.

नकाशात गाव नसतं, चौकोन असतो.
बाजू बारा किलोमीटर.
त्यात दीपस्तंभ, जेटी, जामसंड्याच्या कलमबागा,
वरचा कातळसडा, खाडी, निम्मा समुद्र,
आणि मी.
सगळ्यांना मिळून एकच वारा:
वायव्येकडून, नऊ नॉट.

मी गच्चीवर जाऊन शोधलाय हा नऊ नॉटचा वारा.
समुद्रावर तेरा होता, बागेत तीन.
आणि कचेरीमागे, भिंतीच्या कोनात
ताटाएवढी एक वावटळ
काजूची दोन पानं आणि गुटख्याची पुडी घेऊन
गोल गोल फिरली आणि बसली,
कुत्रं बसण्याआधी फिरतं तशी.
तिचं कुणाला काय कळवणार?

फेब्रुवारीत जामसंड्याचे इंदुलकर चिडून आले.
किमान एकोणीस लिहिता,
माझ्या घळीतला मोहोर दवानं काळा पडलाय!
पेटी खरं सांगत होती. मोहोरही.
मी त्यांना चौकोन समजावू लागले
आणि मधेच गप्प झाले.

त्या रात्री तीनला उठले.
जादा तापमापक, विजेरी, उदबत्तीचा पुडा.
सड्यावर अठरा. कातळ दिवसभराची ऊब
आभाळाला परत करून रिकामा झालेला.
उदबत्ती पेटवली. धूर क्षणभर उभा राहिला,
मग वाकला,
आणि उतरणीला लागला.
मी त्याच्या मागे.
गडग्यापाशी तो अडला, साचला, दगडांच्या फटींतून पुढे गेला,
पाणी जाईल अगदी तसा.
घळीत पंधरा पूर्णांक सहा.
पावलं भिजली. मोहोराचा वास एवढा दाट
की थंडीलाच तो येतोय असं वाटलं.

दुसरी उदबत्ती. तिसरी.
घळीतून परड्यात, परड्यातून माडांत,
माडांतून वाळूवर.
तिथं लाडू तारी होडीत जाळं भरत होता.
माझ्या हातातली उदबत्ती बघून म्हणाला,
"बाये, पूजा खंयची?"
वाऱ्याची, म्हटलं.
"मगे नारळ खंय?"

धूर त्याच्या खांद्यावरून थेट समुद्राकडे चालला होता.
त्यानं बघितलंसुद्धा नाही.
त्याचं यंत्र मानेमागे असतं, घामाच्या रेघेत.
"मतलई सुटली," म्हणाला, आणि होडी ढकलली.

म्हणजे इंदुलकरांचा मोहोर जाळून आलेला गारवा
आता लाडूला पाण्यात नेत होता.

मी वर पाहिलं. वद्य दशमीचा चंद्र,
त्याच्यावरून पिंजलेल्या कापसासारखे ढग
ईशान्येकडे निघालेले, घाईत,
कुठल्या वाळवंटावरून आलेले कोण जाणे,
इथल्या कशाशीच देणंघेणं नसल्यासारखे.
खाली धूर पश्चिमेला.
मधे बारा किलोमीटर उंच अंधार, आणि त्यात किती वारे
एकमेकांच्या पाठीवरून सरकत असतील,
मला मोजता येईना.
उदबत्ती बोटाला लागली तेव्हा भान आलं.

साडेआठला पेटी उघडली.
किमान एकोणीस पूर्णांक एक.
तेच लिहिलं, तेच खरं होतं पेटीपुरतं.
शेऱ्याच्या रकान्यात जागा असते दीड इंच.
तिथं बारीक अक्षरात लिहिलं:
"मतलई, चार वाजून दहा. सड्यावरून."
पुण्याहून अजून कुणी विचारलेलं नाही.

चिंधी पुन्हा ताठ झालीय. उद्या बदलायला हवी.